अपडेट झालं आणि काम अडलं: तुमचे अनुभव लिहा

परळकर

"काल संध्याकाळपर्यंत नीट चालत होतं हो!" हे वाक्य ऑफिसात, शेजारी, नातेवाइकांच्या फोनवर इतक्या वेळा ऐकलंय की हे सगळे अनुभव एका जागी यावेत असं वाटलं. रात्रीत कॉम्प्युटर अपडेट होतो आणि सकाळी कामाला बसावं तर काहीतरी बंद पडलेलं असतं.

सुरुवात मी करते. परळच्या आमच्या छोट्या ऑफिसात चार कॉम्प्युटर आणि सगळ्यांत मिळून एक लेझर प्रिंटर. तो एका मशीनला जोडलेला, बाकीचे नेटवर्कवरून प्रिंट काढायचे. २०२१च्या सप्टेंबरात अपडेट झालं आणि बाकीच्या मशीनवर प्रिंटर दिसायचा, पण जोडला जायचा नाही. समोर नुसता एररचा आकडा, शेवटी ११बी. गोडाऊनचा माणूस चलनांसाठी दारात उभा आणि आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन त्या एका मशीनपाशी रांगेत.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या वर्षी प्रिंटिंगच्या यंत्रणेत सुरक्षेची मोठी भगदाडं सापडली होती. 'प्रिंटनाइटमेअर' नावाने त्यातलं एक जगभर गाजलं. ती बुजवताना नेटवर्कवरच्या प्रिंटरसाठी तपासणी कडक झाली आणि आमच्यासारखी असंख्य ऑफिसं अडली. म्हणजे कारण खरं होतं. मग ते आदल्या दिवशी दोन ओळींत सांगायला काय हरकत होती? अपडेट नकोच, असं माझं म्हणणं नाही. ज्याचं काम अडणार आहे त्याला आधी सांगा, आणि वेळ त्याला ठरवू द्या, एवढंच.

काय अडलं, कशाने सुटलं आणि काय व्हायला हवं होतं, ते सविस्तर लिहा. ब्रँडवरून वाद नको. कंपनीचं नाव न घेताही दुखणं कळतं.

मशीद बंदर

मी एका सीएंच्या ऑफिसात आहे. आमचे क्लायंट म्हणजे सुकामेवा, मसाले, पॅकिंगवाले. जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र, त्याची तारीख ११. त्याच्या आदल्या दोन दिवसांत ऑफिसात चहा प्यायलाही कोणी उठत नाही.

अडतं ते डिजिटल सहीच्या टोकनपाशी. टोकन यूएसबीला लावलं की दिवा लागतो, पोर्टलवर सगळं भरून होतं, सहीचं बटण दाबलं की सर्टिफिकेटची यादी रिकामी. टोकन तेच, पिन तीच, माणूस तोच. अपडेटनंतर टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बसलेला दिसतो, पण सही करणारा प्रोग्रॅम त्याला ओळखत नाही. ड्रायव्हर काढा, रीस्टार्ट करा, पुन्हा टाका. तेवढ्यात क्लायंटचा फोन, "साहेब, झालं का?" त्याला ड्रायव्हर काय सांगणार? त्याच्या दृष्टीने उशीर आम्ही केला आणि लेट फी त्याला लागली.

आणि नवख्या पोरांना भीती वेगळीच असते. यादी दिसली नाही की ती घाबरून पिन पुन्हा पुन्हा टाकतात. चुकीची पिन ठरावीक वेळा पडली की टोकनच लॉक होतं. मग सर्टिफिकेट देणाऱ्याकडे धावपळ.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे हे बहुतेक बुधवारीच का होतं?

लॅमिंग्टन रोड

दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, म्हणून सांगतो. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टची महिन्याची सुरक्षा अपडेटं २००३च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तिकडे अमेरिकेत सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा. आपण मशीन उघडतो बुधवारी. आणि दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या आतच पडतो. तुमची ११ तारीख बरोबर मधे. कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण फटका तुम्हालाच बसतो.

विंडोज ११मध्ये सेटिंगमधून अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ७ तारखेला थांबवा, ११चं काम संपलं की लगेच सुरू करा. विसरून महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. सुरक्षेचं अपडेट आलं की ते भगदाड कुठे होतं हे चोरालाही कळतं, त्यामुळे नंतरचे दिवस जास्त धोक्याचे.

अंधेरी एडिट

आमच्या एडिटिंगमध्ये नियमच आहे, प्रोजेक्ट चालू असताना सिस्टीमला हात लावायचा नाही. २०१९च्या ऑक्टोबरात ॲपलची मॅकओएस कॅटालिना आली आणि जुन्या धाटणीचे ३२ बिट प्रोग्रॅम चालणं कायमचं बंद झालं. ते आधीपासून जाहीर होतं, त्यामुळे ज्यांनी वाचलं ते सावध राहिले. परळकर, तुमचा मुद्दा पटतो. आधी सांगितलं की माणूस तयारी करतो.

गिरगाव डीटीपी

आमचा धंदा लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल आणि पावसाळ्यात दिवाळी अंक. माझ्याकडे वीस-पंचवीस वर्षांचं मॅटर जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या आजच्या पद्धतीचे, नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या खणात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट असेल तर पान मराठी दिसतं. फॉन्ट गेला की त्याच पानावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. कविता उघडावी आणि समोर तो कचरा यावा, म्हणजे पोटात गोळा येतो.

आमचं सॉफ्टवेअर चालतं डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या कुलपावर. अपडेटनंतर मशीनने त्या कुलपाचा जुना ड्रायव्हर घ्यायचंच नाकारलं. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचा भाग असतो, तो चालू झाला की जुने ड्रायव्हर बाहेर राहतात. बंद केला तर डोंगल चालतो, पण मशीनचं संरक्षण कमी होतं. अंक निम्मा लागलेला, जाहिरातदारांचे फोन चालू, आणि मला निवड करायची कशाची, तर सुरक्षेची की पोटाची!

"युनिकोडमध्ये या ना," असं सगळे सांगतात. आलो की! नवीन मॅटर युनिकोडमध्येच घेतो. पण जुनं कन्व्हर्टरमधून काढलं की रफार आणि अर्धा ऱ्य हमखास बिघडतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'दऱ्या'चं 'दर्या'. मुद्रितशोधकाने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचं. त्या वाचनाचे पैसे कोण देणार? संपादक देत नाही, सॉफ्टवेअरवाला देत नाही.

शेवटी एक मशीन इंटरनेटपासून कायमचं तोडलं. जुनी सिस्टीम, जुना डोंगल, फाइल पेन ड्राइव्हवरून, तोही आधी दुसऱ्या मशीनवर तपासून. ते मशीन बंद पडलं तर काय, हा घोर आहेच.

माटुंगा हॉस्टेल

लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवतो, एक कॉलेजच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज, दुसरी लिनक्स ही मोफत मिळणारी. २०२४च्या ऑगस्टमधल्या अपडेटनंतर लिनक्स सुरूच होईना. काळ्या स्क्रीनवर 'काहीतरी गंभीर बिघडलं आहे' अशा अर्थाची एक ओळ आणि मशीन बंद. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टीम विश्वासाची आहे का ते तपासणारी सोय, तात्पुरतं बंद करून आत गेलो. एका सिस्टीमच्या अपडेटने दुसरीच्या दाराला कुलूप लावावं, हे मला अजूनही मान्य नाही.

दादरचा श्रोता

मी पूर्ण अंध आहे. कॉम्प्युटर एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर वापरतो, मराठी आवाजासह. बँकेत नोकरी आहे. तुमच्या सगळ्यांच्या तक्रारीत 'स्क्रीनवर आकडा आला', 'ओळ आली' असं आहे. माझ्याकडे ती ओळ येत नाही.

अपडेट बसत असताना मशीन रीस्टार्ट होतं आणि त्या स्क्रीनवर कुठलाही आवाज बोलत नाही. किती टक्के झालं, अडकलं का, की मशीन बंदच पडलं, काही कळत नाही. मी लॅपटॉपच्या कडेला हात ठेवतो. पंख्याची हवा गरम येत असेल तर काम चालू आहे, असं धरतो. घरात कोणी असेल तर विचारतो. एकटा असेन तर थांबतो, कारण मधेच बटण दाबलं आणि सिस्टीम बिघडली तर दुरुस्तीला पुन्हा डोळसच माणूस लागणार.

एकदा अपडेट पूर्ण झालं, मशीन सुरू झालं आणि आवाजाचा ड्रायव्हरच गेला. माझ्यासाठी आवाज गेला म्हणजे स्क्रीन, माउस, सगळंच गेलं. ब्लूटूथ हेडफोन जोडायलाही आधी मेनू ऐकू यावा लागतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी व्हिडिओ कॉलवर भाच्याला धरून ड्रायव्हर बसवला, तोवर ऑफिसची वेळ निघून गेली होती. आता यूएसबीचं एक छोटं साउंड कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवतो. ते लावलं की मशीनचा मूळ ड्रायव्हर रुसला तरी आवाज येतो. माझ्यासारख्या इतरांनीही ठेवावं.

मागणी साधी आहे. अपडेटच्या स्क्रीनला आवाज द्या. "चाळीस टक्के झालं" एवढं बोललं तरी पुरे.

परळकर

दादा, हे वाचून थांबले. काम अडणं आणि काय अडलंय तेही न कळणं, यातला फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. प्रिंटरच्या वेळी निदान एररचा आकडा तरी आम्हाला शोधता आला होता.

लॅमिंग्टन रोड

साउंड कार्डची युक्ती आमच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही सांगेन.

१९ जुलै २०२४चा शुक्रवार आठवत असेल. ते ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल होती, पण ते सॉफ्टवेअर सिस्टीमच्या गाभ्यात चालत असल्याने विंडोजच कोसळत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बरीच मशीन नेटवरून सुधारता येईनात, कारण ती सुरूच होत नव्हती. एकेका मशीनपाशी बसून सेफ मोडमध्ये जायचं, ती फाइल काढायची. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच डिस्कच्या कुलपाने, बंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की हवी.

ती की कुठे आहे हे आज, मशीन चालू असताना बघा. बहुतेक घरगुती मशीनची की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. कागदावर उतरवून कपाटात ठेवा. दुकानात येणाऱ्या बहुतेकांना अशी की असते हेच माहीत नसतं, आणि की नसेल तर डिस्कवरचे फोटो कोणीही परत देऊ शकत नाही.

मुलुंडच्या बाई

मी निवृत्त शिक्षिका. माझं मशीन जुनं आहे, विंडोज १०वर चालतं. रोज 'आधार संपला' अशी सूचना येते. ११ टाकायला गेलं तर मशीन पात्र नाही म्हणतं. कॉम्प्युटर उत्तम चालू आहे, मी मराठी टायपिंग करते, सोसायटीचा हिशोब लिहिते. चालतं मशीन भंगारात का द्यायचं?

लॅमिंग्टन रोड

बाई, देऊ नका. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. तुमच्या मशीनमध्ये ते नसणार. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटं १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जाहीर केली आहेत. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून नोंदणी होते.

त्यापुढे लिनक्स, म्हणजे उबुंटू किंवा आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, मशीनवर काही बसवावं लागत नाही. त्यात तुमचा प्रिंटर चालतो का, मराठी कीबोर्ड जमतो का, हिशोबाची फाइल उघडते का, एवढं तपासा आणि मगच ठरवा. दुकानात आणलंत तर समोर बसून करू.