शाळेत हाताला काम द्यावं का?

खडूफळा:
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीदरम्यान १० दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकायचं. मला हे फार थोडं वाटतं. काम रोजच्या वेळापत्रकात हवं, आणि ते नुसतं पुढच्या नोकरीसाठी नव्हे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाक स्वतः करायची, शेतात राबायची, एका पंगतीत जेवायची. ज्याच्या हातचं पाणी घरी चाललं नसतं, त्याने थापलेली भाकरी रोज खाल्ली की मनातली अढी सुटायला वेगळा तास लागत नाही. आपण पुस्तकात उद्देशिका आणि प्रतिज्ञा छापून मोकळे झालो. कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा पोर्शन उरकतात.

माणगंगा:
सर, रयतबद्दल आदर आहे, माझे वडील तिथेच शिकले. पण कोणाच्या वाट्याला कुठलं काम येतं, हे तुम्ही विचारतच नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी (राजगोपालाचारी) योजना आणली: प्राथमिकच्या मुलांनी अर्धा दिवस शाळेत यायचं, उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. म्हणजे बापाची जात पोराच्या वेळापत्रकात. विरोध एवढा झाला की १९५४ मध्ये कामराज सरकारने ती मागे घेतली. माझ्या शाळेत श्रमदान म्हटलं की झाडलोट मुलींकडे आणि बाकं हलवायला मुलगे. गुरुजींच्या चहाचे कपही आम्हीच विसळायचो. यातून कसली समता शिकलो? हातातला कोयता सुटावा म्हणून आमच्या लोकांनी पोरं शाळेत घातली. त्यांना इंग्रजी आणि गणित पक्कं द्या.

टर्नर:
चाकणला मशीनशॉपमध्ये आहे, शिकाऊ मुलं माझ्या हाताखाली येतात. ताईंचं पटतं. लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) आम्ही शिकवू, भागाचं मापांसकट ड्रॉइंग वाचता येत नसेल तर मात्र सगळंच अडतं. व्हर्नियर या मापनसाधनाचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी तोंडपाठ असतो आणि प्रत्यक्ष माप घेताना त्याचा जॉ (जबडा) तिरका लागलेला कळत नाही. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. जॉब, म्हणजे घडवायचा भाग, अंडरसाइज (मापापेक्षा लहान) झाला की पोरगं गुपचूप स्क्रॅपच्या पेटीत टाकतं. ‘सर, माझ्याकडून चुकलं’ म्हणायची भीती. लगेच सांगितलं तर मशीनचा ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) बदलून पुढचे जॉब वाचतात. दहा वर्षं चुकलं की लाल शाई आणि छडी, मग तो सांगणार कसा? सचोटीवर निबंध लिहून घेण्यापेक्षा चूक सांगणाऱ्याला वर्गात शाबासकी द्या.

खडूफळा:
टर्नर, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. चुकीचं मोजलेलं लाकूड जोडताना सगळ्यांसमोर उघडं पडतं, तिथे लपवाछपवी चालत नाही. ताई, मद्रासची योजना घरच्या धंद्याला बांधलेली होती, म्हणूनच ती वाईट. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात वेल्डिंग, वीजजोडणी, शेती आणि स्वयंपाकघरातलं काम, सगळं सगळ्यांना. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा चिक्की बनवतो.

माणगंगा:
पाबळसारखं होणार असेल तर माझा विरोध निम्मा होईल. पण शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तरच कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिकवणारा) मिळतो. वाडीवस्तीवरच्या शाळेत एवढा पट कुठला? तिथे काम म्हणजे पुन्हा झाडू. आणि पुण्यातल्या लाखभर फीच्या शाळेत मुलं मातीची पणती करून फोटो काढतील. आधी त्या शाळांतल्या मुलग्यांना पाळीपाळीने वर्ग झाडायला लावा. तिथले पालक काय म्हणतात ते कळू दे, मग आमच्या पोरांचे तास मागा.