बोटाच्या मुळाला 'नो मॅन्स लँड' का म्हणतात?

कोयताबहाद्दर:
मंडळी, दोन आठवड्यांपूर्वी शहाळं सोलताना कोयता सटकला आणि डाव्या अनामिकेच्या मुळाशी बसला. रक्त फार नाही आलं पण बोट वाकेचना. जवळच्या दवाखान्यात वरून चार टाके घातले आणि "सूज आहे, उतरली की वाकेल" म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी हॅन्ड सर्जनला दाखवलं तर आतल्या दोन्ही शिरा तुटलेल्या. ऑपरेशन झालं, आता स्प्लिंटमध्ये आहे. फिजिओ बोलता बोलता म्हणाली, तुमचा झोन टू, याला पूर्वी नो मॅन्स लँड म्हणायचे आणि इथे लगेच टाका घालायचाच नाही असा नियम होता. एका हाताने टाईप करतोय, वेळच वेळ आहे, तर हा नियम केला कोणी आणि मोडला कोणी?

हातावर_पोट:
हॅन्ड थेरपीत आहे (आयडी उगाच नाही घेतला). नियम सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टर्लिंग बनेलचा. त्याचं 1944 चं हाताच्या सर्जरीवरचं पुस्तक म्हणजे त्या काळची पोथीच. तळहाताच्या वरच्या रेघेपासून बोटाच्या मधल्या सांध्यापर्यंत दोन टेंडन (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोऱ्या, तुम्ही शिरा म्हणालात त्याच) एकाच अरुंद बोगद्यातून जातात, आणि त्यातही वरचं दुभंगतं व खालचं त्याच्या फटीतून पुढे निघतं. लेंग्याच्या नेफ्यातली नाडी डोळ्यासमोर आणा. मधेच गाठ मारली की अडकणार, आणि नाडी नेफ्यालाच शिवली गेली तर लेंगा आवळणार कसा? इथे तेच व्हायचं, टाका घातला की सगळं एकमेकांना चिकटायचं आणि बोट लाकूड. म्हणून बनेल म्हणाला की फक्त कातडी शिवा, जखम भरू द्या, नंतर दुसरीकडचं टेंडन आणून अख्खी नवी नाडी ओवा म्हणजे दोन्ही जोड बोगद्याबाहेर पडतील. तेव्हाच्या सुया-धागे बघता यात चूक काही नव्हती.

त्याला आव्हान दिलं स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्लोद व्हेर्दाँने. तो सरळ बोगद्यातच शिवायचा, पण फक्त खोलचं टेंडन, वरचं काढून टाकायचा, जोडाजवळचा बोगद्याचा तुकडाही कापायचा. आणि टाक्याच्या दोन्ही बाजूंना टेंडनमधून बारीक पिना आरपार घालायचा, म्हणजे स्नायूने कितीही ओढलं तरी ताण टाक्यावर येत नाही. तीन आठवड्यांनी पिना बाहेर. 1960 मध्ये त्याने हे छापलं. तुमच्या फिजिओचे झोनसुद्धा मूळ त्याचेच, नान्सीच्या मिशोंबरोबर केलेले. मग 1967 ला अमेरिकेत क्लाइनर्टने रबरबँड लावून लवकर हालचाल करून दाखवली तेव्हा कुठे लोकांना पटायला लागलं.

आल्प्सपलीकडे:
लोझानला तीन वर्षं होतो. तिथे मोठ्या हॉस्पिटलला लागून हाताचं म्युझियमच आहे, म्युझे द ला मॅं, ह्या व्हेर्दाँच्याच फाउंडेशनचं, 1997 ला उघडलं. मला वाटलेलं हाडं-सापळे असतील म्हणून बायको बाहेर थांबली, पण हाताचे साचे-शिल्पं असलंही खूप आहे. सर्जन माणसाने हे जमवावं याचं नवल वाटलं.

बंदरकर:
सगळं श्रेय स्विस माणसाला नको. इंग्लंडमध्ये गाय पल्व्हरटाफ्ट होता, आधी ग्रिम्सबीला. ते मासेमारीचं बंदर, हात कापून घेतलेले खलाशी रोजचेच. तो बनेलच्याच वाटेने ग्राफ्ट करायचा, म्हणजे दुसरीकडचं टेंडन आणून बसवायचा, आणि उत्तम करायचा. दोन टेंडन जोडताना एकाला चीर पाडून दुसरं आरपार, मग फिरवून परत आरपार, वेणी घालावी तसं. आजही त्या जोडाला पल्व्हरटाफ्टच म्हणतात. नंतर तो डर्बीला गेला, तिथल्या हॅन्ड सेंटरला त्याचं नाव आहे. म्हणजे जुना नियम पाळूनसुद्धा बोटं वाकत होती, शिवणारा हात तसा पाहिजे एवढंच.

शब्दाळू:
अवांतर. धाग्यात "शीर तुटली" वाचलं. आपण रक्तवाहिनीला शीर म्हणतो, नर्व्हला शीर, टेंडनलाही शीर. हसू नका, जुन्या ग्रीकमध्येही 'न्यूरॉन' हा शब्द आधी टेंडनसारख्या दोरीला होता, मग नर्व्हला लागला. रोमन काळातला वैद्य गेलन एवढा ग्लॅडिएटरांचे हात-पाय शिवणारा माणूस, पण त्याच्या नावावर शतकानुशतकं हेच चालत आलं की टेंडनला सुई लावू नका, झटके येतील. मध्ययुगातला पर्शियन वैद्य इब्न सिना याने मात्र शिवा म्हणून लिहिलं होतं. नो मॅन्स लँड तसं बरंच जुनं आहे.

कोयताबहाद्दर:
वा, नेफा-नाडी आवडलं. शीर शब्दावरून आठवलं, डिस्चार्ज कार्डवर एक बारीक नर्व्हही जोडलीय असं आहे. बोटाची करंगळीकडची बाजू बधिर आहे. कशी बघतात परत आली का?

हातावर_पोट:
स्टेशनरीच्या क्लिपने! स्वीडनच्या एरिक मोबेर्गची पद्धत. यू-क्लिप सरळ करून दोन टोकं शेजारी आणा, पेशंटने डोळे मिटायचे, बोटाच्या टोकावर अलगद टेकवायची, एक टोक वाटतं का दोन ते सांगायचं. टोकांमधलं अंतर सहा मिलीमीटरच्या आत असतानाही दोन कळली तर नॉर्मल. तो म्हणायचा, ज्या बोटाला स्पर्श कळत नाही ते आंधळं. नर्व्ह साधारण दिवसाला एक मिलीमीटर वाढते, घाई नको, आणि स्प्लिंट काढून खेळ करू नका.

कोयताबहाद्दर:
स्प्लिंटमध्येच बायकोने केलं, फक्त टोकावर. अंगठ्याकडच्या बाजूला दोन, करंगळीकडे काहीच नाही. ती म्हणते क्लिप लावलीच नव्हती मी, तू आधीच बोललास.