मोडल लॉजिकची सुरुवात गृहीतकांपासून करावी की मॉडेलपासून?

प्रश्न

नमस्कार. मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. प्रपोझिशनल आणि प्रेडिकेट लॉजिक अभ्यासक्रमात झाले असून गेले दोन महिने मोडल लॉजिक, म्हणजे ‘अवश्य’ आणि ‘शक्य’ यांचे तर्कशास्त्र, स्वतः वाचत आहे. के, टी, एस४, एस५ या त्यातील प्रणालींची गृहीतके पाठ झाली, सिद्धताही लिहिता येतात. पण ‘प अवश्य सत्य असेल, तर प सत्य असते’ हे इतके उघड वाटणारे विधान के प्रणालीत सिद्धच होत नाही, हे काही केल्या पटत नाही. जे अवश्य आहे ते खोटे कसे असेल? शिवाय प्रोग्रॅम तपासण्यासाठी या शास्त्राचा उपयोग होतो असे वाचले, परंतु ‘अवश्य’ आणि ‘शक्य’ या तत्त्वज्ञानातील कल्पनांचा प्रोग्रॅमशी सांधा नेमका कोठे जुळतो?

उत्तर १

तुमची अडचण गृहीतकांत नसून ‘अवश्य’ या शब्दाच्या रोजच्या अर्थात आहे. तो अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कागदावर दोन वर्तुळे काढा, क आणि ख; वर्तुळ म्हणजे एक शक्य परिस्थिती, आणि अशा वर्तुळ-बाणांच्या चित्रालाच, कोठे काय सत्य हे ठरवले की, मॉडेल म्हणतात. क पासून ख कडे एक बाण काढा. दुसरा कोणताही बाण नको. प हे विधान फक्त ख मध्ये सत्य आहे असे धरा. ‘प अवश्य सत्य’ हे □प असे लिहितात. एखाद्या वर्तुळात □प सत्य असणे म्हणजे तेथून निघणारा प्रत्येक बाण जेथे पोहोचतो तेथे प सत्य असणे, याहून अधिक काही नाही. त्यामुळे क मध्ये □प सत्य आहे, पण प असत्य आहे. आता क पासून क कडेच परत येणारा एक बाण काढा. □प त्याच क्षणी असत्य होते. म्हणजे ‘□प असेल तर प’ हे गृहीतक प्रत्येक वर्तुळाला स्वतःकडे येणारा बाण आहे, एवढेच सांगते. के प्रणाली बाणांविषयी काहीच गृहीत धरत नाही, म्हणून ते तिच्यात सिद्ध होत नाही.

सी. आय. लुईस आणि लँगफर्ड यांच्या १९३२ च्या ग्रंथात एस१ ते एस५ या प्रणाली आल्या, तेव्हा हाती गृहीतकेच होती. हे चित्र स्पष्ट झाले ते मुख्यतः सॉल क्रिप्के यांच्या १९५९ आणि १९६३ मधील निबंधांनी, आणि पहिला निबंध छापून आला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. तेव्हा गृहीतके पाठ करत बसण्यापेक्षा वर्तुळे काढा, असेच मी आग्रहाने सांगेन.

आता पहिल्या चित्रातील ख कडे पुन्हा पाहा. तेथून एकही बाण निघत नाही, म्हणून तेथे □ लावलेले कोणतेही विधान सत्य ठरते, अगदी □(असत्य), म्हणजे कधीच सत्य नसणाऱ्या विधानाला □ लावलेले, सुद्धा. वर्तुळांना प्रोग्रॅमच्या अवस्था आणि बाणांना त्याची पावले म्हटले, तर ख ही पुढे पाऊलच टाकता येत नाही अशी, अडकून पडलेली अवस्था होते. तुम्ही विचारलेला सांधा येथेच आहे.

उत्तर २

मी चिपच्या डिझाइनची पडताळणी करतो. आमच्या कामात ‘अवश्य’च्या जागी ‘नेहमी’ आणि ‘शक्य’च्या जागी ‘कधीतरी’ येते. आर्थर प्रायर यांनी १९५० च्या दशकात काळाचे असे तर्कशास्त्र तत्त्वज्ञानासाठी मांडले होते. अमीर पनुएली यांनी १९७७ मध्ये ते प्रोग्रॅमना लावले. एक प्रिंटर दोन प्रक्रिया वापरत असतील, तर ‘दोघींना एकाच वेळी तो कधीच मिळत नाही’ आणि ‘मागणी केली की कधीतरी मिळतोच’ ही दोन वेगळ्या जातीची विधाने आहेत. पहिले मोडले तर ते काही पावलांतच दाखवता येते. दुसरे मोडल्याचे दाखवायला न संपणारी वाट दाखवावी लागते.

आमच्या गटात एकदा यातले दुसरे विधान पडताळणीच्या टूलने पहिल्याच फेरीत सत्य ठरवले आणि आम्ही निर्धास्त झालो. दोन दिवसांनी कळले की इनपुटवर आम्हीच घातलेल्या एका चुकीच्या बंधनामुळे मागणीचा सिग्नल कधी उठतच नव्हता. वरच्या ख वर्तुळासारखेच हे पोकळ सत्य होते. तेव्हापासून ‘मागणी कधीतरी होऊ शकते’ हे विधान आम्ही वेगळे, आणि आधी तपासतो.

प्रोग्रॅमच्या अवस्था धुंडाळून हे आपोआप तपासणारी मॉडेल चेकिंगची पद्धत क्लार्क आणि इमर्सन यांनी १९८१ मध्ये, तर सिफाकिस यांनी फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे मांडली. तिघांना २००७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. खरी अडचण अवस्थांच्या संख्येची असते: केवळ ३० बिटांच्या १०७ कोटींहून अधिक अवस्था होतात.

प्रश्नकर्ता

दोन्ही चित्रे काढली आणि अडलेले सुटले. मग स्वतःकडे येणारा बाण आवश्यकच ठरतो, असा एखादा उपयोग आहे का?

उत्तर १

आहे. □प म्हणजे ‘या संगणकाला प माहीत आहे’ असे वाचा. माहीत असलेली गोष्ट खरी असलीच पाहिजे, म्हणून तो बाण हवा. ‘त्याला तसे वाटते’ असे वाचले, तर तो काढून टाकावा लागतो. हिंटिका यांनी १९६२ मध्ये ज्ञान आणि समजूत यांचा असा विचार केला, तर हॅल्पर्न आणि मोझेस यांनी त्यातून दाखवले की संदेश पोहोचण्याची खात्री नसलेल्या नेटवर्कवर, ‘मला माहीत आहे हे तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे’ अशी न संपणारी साखळी कितीही संदेश पाठवून नव्याने पूर्ण होत नाही. आता तीन वर्तुळे घ्या आणि ‘□प असेल तर □□प’ हे विधान बाणांकडून काय मागते, ते स्वतः शोधून येथे लिहा.