एफएमवर रोज संध्याकाळी बिननावाचं स्टेशन लागतंय, कुणाचं असेल?

आज्जांचा_रेडिओ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी, इथं नवीन आहे, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या अंगाला. गेल्या महिन्यात माळा साफ करताना आज्जांचा तीन बँडचा रेडिओ सापडला, सेलच्या खणात सगळं हिरवं किटण चढलेलं. पॉलिश पेपरनं घासलं, आवाजाच्या बटणात स्प्रे मारला, चार सेल घातले आणि बोलायला लागला की! तेव्हापासून रात्री जेवण झालं की मी आणि रेडिओ, घरात सगळी वैतागलीत.

तीन गोष्टी कळत नाहीत.

पहिली म्हणजे मिडीयम वेव्हवर दिवसा दोन-तीन स्टेशनं कशीबशी, आणि रात्री नऊनंतर जिथं काटा नेईल तिथं कोणीतरी बोलतंय. तमिळ कळतं, एक बहुतेक अरबी आहे, बाकी काय समजत नाही. दोन-दोन एकात एक घुसतात, वर शिट्टी वाजते ती वेगळीच.

दुसरी, शॉर्टवेव्हवर एकच बाई तेच वाक्य दोन ठिकाणी बोलते, एका जागी मोठ्यानं, तिथून जरा खाली परत तीच, बारीक आवाजात. रेडिओ बिघडलाय काय?

तिसरी खरी गंमत. एफएमवर ९६ च्या आसपास (काट्याचा रेडिओ आहे, नेमकं सांगता येत नाही) रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक स्टेशन लागतं. नाव सांगत नाहीत, जाहिरात नाही, बातम्या नाहीत. आधी नुसतं खसखस, मग कोणीतरी खोकतं, मग टाळ आणि हरिपाठ. आठपर्यंत चालतं आणि एकदम बंद. परवा तर मधेच भांडं पडल्याचा आवाज आला आणि एक बाई म्हणाली "अगं राहू दे, मी बघते". जागा पण एक नाही, कधी ९६ च्या वर कधी खाली. भावाचं दुकान खानापुरात आहे, तिथं मोबाईलच्या एफएमवर शोधलं तर काहीच नाही.

हे चोरटं स्टेशन असेल काय? आणि ऐकलं म्हणून आपल्यावर काय येत नाही ना?

---

निपाणी_वेव्हज

भावा शंभर टक्के पायरेट! नाव नाही जाहिरात नाही म्हणजे परवाना नाही, सरळ हिशोब. बिहारचं राघव एफएम माहीत आहे का, वैशाली जिल्ह्यातलं मन्सूरपूर गाव, राघव महतो नावाच्या पोरानं रेडिओ रिपेरीच्या दुकानातून स्टेशन चालू केलेलं, बांबूला अँटेना बांधून, गाणी काय, हरवलेल्या माणसांच्या सूचना काय, आख्खा परिसर ऐकायचा. २००६ ला परवाना नाही म्हणून बंद पाडलं. इंग्लंडमध्ये १९६४ ला तर रेडिओ कॅरोलाईनवाल्यांनी जहाजच समुद्रात नेऊन उभं केलं, किनाऱ्यावरचा कायदा तिथं लागू नाही म्हणून. मग १९६७ ला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करायला लागला सरकारला. आपल्याकडं समुद्र नाही खरं राकसकोपचं धरण आहे हाहा. एक किट मागवून बघायचा विचार चालू आहे, कोण येणार असेल तर सांगा.

---

व्हीयू३_मावशी (टिळकवाडी)

निपाणीच्या भाच्या, धरण राहू दे, आधी किट मागवायचं थांब. परवाना नसताना प्रक्षेपण करणं आपल्याकडं गुन्हा आहे, १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा होताच, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय. हौस असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची परीक्षा दे की, बारा वर्षं पूर्ण असली की बसता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेड पास झालास की व्हीयू३ नं सुरू होणारी खूण मिळते, जनरलला व्हीयू२. मग उजळ माथ्यानं बोल जगभर.

मी हे पुस्तक वाचून सांगत नाही. कॉलेजात असताना मी आणि मैत्रिणीनं एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर जोडला होता, ९६ वर. खूष होतो अगदी, जिन्याखालून बोललं की गच्चीवर ऐकू येतंय म्हणून. तर रविवारी सकाळी शेजारचे अण्णा बनियनवरच वर आले, म्हणे टीव्हीत नुसत्या नागमोडी रेघा. तेव्हा काय कळलं नाही, पुढं अभ्यास केल्यावर डोक्यात उजेड पडला. असल्या कच्च्या ट्रान्समीटरमधून दुप्पट फ्रिक्वेन्सी पण बाहेर पडते, ९६ दुणे १९२ मेगाहर्ट्झ, आणि तिथं त्या काळी टीव्हीचे चॅनेल असायचे. आम्ही आमच्या मनानं रेडिओ चालवत होतो आणि अण्णांचा रविवार घालवत होतो. आपलं सिग्नल कुठं कुठं जातंय ते करणाऱ्याला दिसतच नाही, म्हणून तर परीक्षा ठेवलीय.

आता खानापूरचा दुसरा प्रश्न. रेडिओ बिघडलेला नाही, त्याला इमेज म्हणतात. आतमध्ये येणारं शॉर्टवेव्हचं प्रत्येक स्टेशन आधी ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून घेतात. स्वस्तातल्या सेटला पुढची चाळणी नीट नसते, त्यामुळं ४५५ च्या दुप्पट, म्हणजे काट्याच्या जागेपासून ९१० किलोहर्ट्झनं वर असलेलं स्टेशनसुद्धा त्याच दारानं आत शिरतं. म्हणजे खरी बाई ७.३० मेगाहर्ट्झवर असली तर तिची सावली ६.३९ ला बोलणार. वरची आणि मोठ्या आवाजाची ती खरी. आमच्याकडं एक नवशिका अशाच सावलीला गुप्तहेरांचं स्टेशन म्हणून महिनाभर वहीत टिपत होता, बिचारा.

तिसऱ्याला लांबचं एफएम म्हणावं तर तसं वाटत नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, तिथं मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी आखाती देशातली एफएम स्टेशनं लागतात, मल्याळममध्ये सोन्याची जाहिरात आणि भाव दिरहममध्ये! समुद्रावर गार ओलसर हवा खाली आणि गरम कोरडी वर अशी थर लावून बसली की सिग्नल त्यात सापडतो आणि पाण्यावरून घसरत दोनेक हजार किलोमीटर येतो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानचा किनारा दिसायचा तो ह्याच कारणानं. खरं तो थर समुद्राला चिकटून असतो आणि आपण बसलोय घाटावर, साडेसातशे मीटर उंच. शिवाय दुबईत रोज साडेसहाला हरिपाठ कोण लावणार?

---

काटा_आणि_कान (उचगाव)

मावशींनी छान सांगितलं. मी निवृत्त शिक्षक, रेडिओचा नाद पन्नास वर्षांचा, पहिल्या प्रश्नाचं मी बोलतो.

दिवसा जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर हवेचा एक थर उन्हानं तयार होतो, तो मध्यम लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, लहरी आणखी वर जातात आणि वरच्या थरावर आपटून शेकडो कोस लांब उतरतात. म्हणून तुला रात्री जत्रा भरल्यासारखं वाटतं. आपल्याकडं मिडीयम वेव्हचं प्रत्येक स्टेशन नऊच्या पाढ्यात बसतं, ५३१, ५४०, ५४९ असं १६०२ पर्यंत. आमच्या लहानपणी मराठी ऐकायचं तर सांगली १२५१ नाहीतर पणजी १२८७, आणि धारवाड ७६५ तर इतकं जोरात की दात घासताना ऐकू येईल. शेतावर वडील कन्नडमधला हवामानाचा अंदाज ऐकायचे आणि तेवढ्यात आई काटा सांगलीला न्यायची, त्यावरून रोज भांडण. रेडिओला पोस्टातून वर्षाचं लायसन काढायला लागायचं, ते तिकिटं चिकटवलेलं पुस्तक माझ्याकडं अजून आहे. ऐशीच्या दशकात मधेच कधीतरी ती भानगड संपली, त्यामुळं बाळा, ऐकलं म्हणून तुला कोण धरत नाही. त्या काळात मात्र बिनलायसनचा ऐकणारासुद्धा चोरटाच!

लांबचं स्टेशन पकडायची सवय आमच्या पिढीला कोलंबोच्या रेडिओ सिलोननं लावली. १९५२ नंतर मंत्री केसकरांनी, पुण्याचा माणूस बघ, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली आणि आख्खा देश कोलंबोकडं वळला. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमालेला आमच्या आळीत एकच रेडिओ आणि अंगणभर माणसं. विविध भारती आली १९५७ मध्ये, तोवर लोकांची बोटं तरबेज झालेली.

आता कामाचं. मिडीयम वेव्हला बाहेरची दांडी चालत नाही, आत काळ्या फेराइटच्या कांडीवर तार गुंडाळलेली असते, तीच अँटेना. सेट पाटासारखा हळूहळू गोल फिरव. एका ठिकाणी आवाज पडेल, तेव्हा कांडीचं टोक स्टेशनाकडं असतं. एकात एक घुसलेल्या दोघांपैकी एकाला असं गप्प करता येतं, मग दुसऱ्याचं नाव ऐक. आणि नाव ऐकायचं तर घड्याळात साडे बघ. परदेशी स्टेशनं जागतिक वेळेच्या ठोक्याला नाव सांगतात, आपण त्यांच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे त्यांचा पूर्ण तास आपल्याकडं साडेआठ, साडेनऊ, साडेदहा. मला हे कळायला चार वर्षं लागली, मी आपला बरोब्बर नऊला कान लावून बसायचो आणि ऐकू यायचं मधलंच भाषण.

वही ठेव. तारीख, वेळ, काट्याची जागा, भाषा, काय ऐकलं. पत्र पाठवलंस तर काही स्टेशनं अजून क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच पाठवतात.

---

खडेबाजार_रिपेरी

सगळ्यांनी दुबई, बिहार, कोलंबो करून झालं खरं एक साधी गोष्ट कोण विचारली नाही. तुझ्या घरापासून देऊळ किती लांब?

बघ, परवान्याचं स्टेशन जागा सोडत नाही, फ्रिक्वेन्सी पक्की धरून ठेवणाऱ्या क्रिस्टलवर चालतंय. तुझं सरकतंय. सेल उतरत आला की सरकणारी वस्तू कुठली? स्वस्तातला कॉर्डलेस माईक. माझ्याकडं महिन्याला दोन तरी येतात, भजनी मंडळाचे नाहीतर शाळेचे. हातात माईक, एक बारकी डबी ॲम्प्लिफायरला लावलेली. त्यातले बरेच ८८ ते १०८ मध्येच बोलतात, म्हणजे तो माईकच एफएमचा ट्रान्समीटर आणि ती डबी म्हणजे रेडिओ. तुझा रेडिओ पण तीच डबी झालाय एवढंच. शहरात एफएमच्या गर्दीत कोणाच्या लक्षात येत नाही, तुझ्याकडं जंगलात बँड मोकळा, शंभर-दीडशे मीटरपर्यंत स्वच्छ लागणार.

असं कर, उद्या हरिपाठ चालू असताना रेडिओ घेऊन घराबाहेर पड. दांडी पूर्ण आत घाल, म्हणजे जवळ गेल्यावरच लागेल. जिकडं आवाज मोठा होत जाईल तिकडं चालत राहा. आणि टाळाचा आवाज कानानं आणि रेडिओत एकदमच येतोय काय बघ.

जाता जाता, रात्री मिडीयम वेव्हवर घरघर असेल तर एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर काढून ठेव. लाईट गेली की रेडिओ कसा स्वच्छ लागतो ते बघशील. आणि वळवात वीज कडाडायला लागली की बाहेरची वायर आधी काढायची, दोन सेट असेच जळून माझ्याकडं आलेत.

---

निपाणी_वेव्हज

देऊळ?? काय काका सगळी मजा घालवलात. माझी पैज आहे पायरेटच निघणार.

---

आज्जांचा_रेडिओ

निपाणीकर, पैजेचा चहा खडेबाजारला जाऊन पाज.

काल साडेसहाला निघालो, दांडी आत घालून. दारात बारीक आवाज, जोशांच्या परड्याजवळ जरा मोठा, आणि विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीवर पाय ठेवला तर रेडिओ नुसता किंचाळायला लागला आणि आतला स्पीकर पण. म्हणजे माझ्या रेडिओचा आवाज माईकमध्ये, माईकचा परत माझ्या रेडिओत, असं गरगर. हरिपाठ थांबला, सगळी मंडळी माझ्याकडं बघायला लागलीत आणि मी आपला रेडिओ छातीशी धरून उभा. बंद कुठल्या बाजूला करतात ते पण सुचेना.

माईक मागच्या महिन्यातल्या एकादशीला कोणीतरी देवळाला दिलाय म्हणे. काका म्हणतात तसाच, बारकी डबी, मागं चिकटपट्टी लावलेली. रोज खोकणारा माणूस म्हणजे आमचेच थोरले चुलते, एवढे दिवस ऐकून मला ओळखू आले नाहीत. आणि "अगं राहू दे" म्हणणारी काकू. प्रसादाच्या खोलीत माईक चार्जिंगला लावतात, हरिपाठाच्या आधी अर्धा तास कोणीतरी चालू करून ठेवतं आणि तिथं बायकांच्या गप्पा चालतात.

मी जेव्हा सांगितलं की हे सगळं आमच्या सोप्यात ऐकू येतं, तेव्हा काकूनं पहिलं काय विचारलं असेल? "कधीपासून?" मी म्हटलं महिना झाला. मग एकदम शांत. आता माईक टाळाला हात लावल्यावरच चालू होतो.

आमची आज्जी मात्र माझ्यावर भडकलीय. गुडघ्यामुळं तिला देवळापर्यंत जाता येत नाही, मी वापरत नसलो की ती तेच स्टेशन लावून बसायची. म्हणते, हरिपाठ मला पाठच आहे, तू पुढचं घालवलास.