शब्दचर्चा : तोल, समतोल आणि नीरम

प्रश्न : मार्चमध्ये निवृत्त झाले, मेमध्ये आई गेली, आणि ठाण्याची जागा बंद करून मालवणच्या घरी आले. धाकट्या बहिणीला पत्र लिहिताना एका शब्दापाशी अडले. 'समतोल सापडत नाही' असं लिहून खोडलं. समतोल म्हटलं की तराजूची दोन पारडी दिसतात, आणि माझ्याकडे दुसऱ्या पारड्यात घालायला काही उरलेलं नाही. 'तोल गेलाय' म्हणावं तर तसंही नाही. स्वयंपाक होतो, झाडांना पाणी घातलं जातं. याला काय म्हणायचं?

– 'संतुलन' तरी नको, ताई. आहार, पर्यावरण यांच्याबरोबर ठीक. माणसाला लावला की 'मानसिक संतुलन बिघडलं' हेच ऐकू येतं.

– तिन्ही शब्द 'तुल्' म्हणजे वजन करणे या एकाच धातूचे. पण क्रियापदं बघा. समतोल साधतात, राखतात. तोल सांभाळतात, सावरतात, आणि तो जातोही. तोल हलत्या माणसाचा असतो. होडीत उभं राहून जाळं ओढणाऱ्याचा.

होडीवरून आठवलं. आपल्याकडे लहान होडीला एका बाजूला उलांडी असते : आडव्या दांड्यांनी बांधलेलं, पाण्याला टेकलेलं लाकूड. होडी कलू लागली की ते आवरून धरतं. पण तो आधार बाहेरचा. तुमच्यासाठी मला 'नीरम' जास्त जवळचा वाटतो. माल उतरवलेलं गलबत हलकं होतं, म्हणूनच लाटेवर जास्त डोलतं आणि कलंडायची भीती वाढते. मग तळाला दगड, वाळू असं वजन भरायचं, ते नीरम. विकून त्याचे पैसे येत नाहीत. पुढे माल मिळाला की काढून टाकायचं. तुमचा इतक्या वर्षांचा माल एका उन्हाळ्यात उतरला. स्वयंपाक, झाडांचं पाणी हे मला नीरमच वाटतं.

– 'भांग' सुचवते. केसांतला नव्हे, समुद्राचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग : पाणी कमी चढतं, कमी उतरतं, पण थांबत नाही. तोल नव्हे, पण ताईंच्या दिवसांचं वर्णन यात आहे.

– भांग मनात ठेवते, पुढच्या पत्रासाठी. आत्ता एवढंच लिहिलंय : 'तोल गेलेला नाही. गलबत रिकामं झालंय, नीरम भरतेय.' 'भरतेय'च बरोबर ना, की 'घालतेय' म्हणू?

– भरतेय.