मदत हवी आहे: नववीच्या मुलांना मुद्देसूद युक्तिवाद कसा शिकवावा?

खडूफळा
नववीचा वर्ग, ४२ मुलं, मराठी माध्यम. ३५ मिनिटांच्या सहा तासिका हातात आहेत. मुलं बोलायला कमी नाहीत, पण "मधली सुट्टी वाढवली पाहिजे" म्हटलं की पुढचं वाक्य येतं, "कारण ती फार कमी आहे." म्हणजे तेच वाक्य उलटं फिरवलेलं. लिखाणातही सुविचार, मग कवितेच्या दोन ओळी, मग "म्हणून आपण सर्वांनी...". मुद्दा, कारण, पुरावा यांच्या व्याख्या पाठ आहेत, वापर होत नाही. स्पर्धेची तयारी करून घ्यायची नाही. प्रत्येकाला एक पान नीट लिहिता यावं आणि दोन मिनिटं पटेल असं बोलता यावं, एवढंच. सुरुवात कुठून करू?

धूरविस्तव
सर, व्याख्या बाजूला ठेवा आणि न्यायशास्त्रातला (म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला) पाच वाक्यांचा साचा फळ्यावर लिहा. मुलांना तो पहिल्याच तासाला कळतो.

प्रतिज्ञा: डोंगरावर विस्तव आहे.
हेतू: कारण तिथे धूर दिसतोय.
उदाहरण: जिथे जिथे धूर, तिथे तिथे विस्तव, जसं स्वयंपाकघरात.
उपनय: या डोंगरावर तसाच धूर आहे.
निगमन: म्हणून डोंगरावर विस्तव आहे.

आपली मुलं पहिली दोन वाक्यं म्हणतात आणि थांबतात. सगळं अडतं ते तिसऱ्यावर. कारण आणि मुद्दा यांना बांधणारा नियम तिथे असतो, आणि तो बोलून दाखवला नाही तर तपासताच येत नाही. म्हणून पहिल्या तासाला एकच काम द्या: कुठलंही "कारण" आलं की त्याचं "जिथे जिथे... तिथे तिथे..." करायचं. "रमेश उशिरा येतो, म्हणून तो आळशी आहे" हे घ्या. जिथे जिथे उशीर, तिथे तिथे आळस? एसटी चुकलेला मुलगा वर्गातच बसलेला असतो, तो लगेच हात वर करतो. नियम मोडला हे मुलांनाच दिसतं, तुम्हाला सांगावं लागत नाही.

इथे एक चूक हमखास होते. मुलं नियम उलटा करतात: "जिथे विस्तव तिथे धूर." त्याला शास्त्रातलंच उत्तर आहे, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. विस्तव आहे, धूर नाही. हे उदाहरण जरूर द्या. "हुशार मुलं भरपूर वाचतात, म्हणून भरपूर वाचणारा प्रत्येक जण हुशार" ही चूक त्याच घरातली आहे.

खडूफळा
हे उद्याच करून बघतो. पण पुरावा कुठून आणायचा? पुरावा म्हटलं की मुलं मोबाईलवरून काहीतरी उतरवून आणतात.

नळावरची_रांग
पुरावा शाळेच्या आवारातूनच घ्या, मोजता येईल असा विषय निवडा. मोबाईल शाप की वरदान, प्लास्टिकबंदी असले विषय नकोत, त्यांची उत्तरं मुलांना आधीच पाठ असतात. तुमचा मधल्या सुट्टीचा विषयच उत्तम आहे. समजा मुलांचं कारण आहे, "पाण्याच्या नळावर रांग असते, डबा खायला वेळ उरत नाही." आता हिशोब मांडा. नळ ४, मुलं ३००, हात धुऊन बाटली भरायला एकाला ४० सेकंद. एकूण १२,००० सेकंद, भागिले ४, म्हणजे ३,००० सेकंद: ५० मिनिटं. सुट्टी ३० मिनिटांची. तेवढ्यात १८० मुलांचं होतं, १२० राहतात. मुलं खूश होतात, युक्तिवाद जिंकला.

आता तिथेच थांबवून विचारा, "सगळी ३०० मुलं नळावर येतात हे कुणी पाहिलं?" अर्धीच येत असतील तर २५ मिनिटांत काम होतं आणि मुद्दा कोसळतो. म्हणून दुसरी तासिका मोजणीची. हे आकडे तुमच्या शाळेचे नाहीत. दोन मुलांना घड्याळ, दोघांना कागद देऊन तीन दिवस नळापाशी उभं करा. एका दिवसावर विसंबू नका, पीटीच्या तासाच्या दिवशी रांग वेगळी असते.

पुढची पायरी सगळ्यात मोलाची. समजा खरोखरच ३०० मुलं येतात असं निघालं. एखादी मुलगी म्हणेल, "मग नळ आठ करा, २५ मिनिटांत होईल, सुट्टी वाढवायलाच नको." मुद्दा बदलला. तो बदलू द्या. पुरावा पाहून मागणी बदलते हे मुलांनी वर्गात एकदा अनुभवलं की पुढची वर्षं कामाला येतं.

धूरविस्तव
याला पूर्ण अनुमोदन. तिसरी तासिका पूर्वपक्षाची ठेवा. शास्त्री मंडळी आधी समोरच्याचं म्हणणं मांडत, मग उत्तर देत. वर्गातला नियम असा: विरोधी बाजू अशी सांगायची की विरोधी गटाने मान डोलावली पाहिजे. मान डोलली नाही तर पुन्हा सांगायचं, तोवर उत्तर द्यायचं नाही. मुख्याध्यापकांचा पूर्वपक्ष "त्यांना मुलांची काळजी नाही" असा होत नाही. तो असा होतो: सुट्टी दहा मिनिटं वाढली की शेवटचा तास तेवढाच पुढे जातो, आणि खेड्यावरून येणाऱ्यांची परतीची एसटी चुकते. याला उत्तर द्यावंच लागतं.

वितंडा हा शब्दही इथे शिकवा. स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं म्हणजे वितंडा. वर्गातले सगळ्यात चुणचुणीत बोलणारे नेमके यात अडकतात. तर्कदोषांची लांब यादी मात्र देऊ नका, मुलं ती नावं एकमेकांना फेकून मारतात. नववीला तीन पुरेत: माणसावर घसरणं, एकदोन उदाहरणांवरून सगळ्यांबद्दल बोलणं, आणि दोनच पर्याय आहेत असं भासवणं.

आर्जव
वक्तृत्वाचा भाग राहिला. ॲरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. आपल्याकडे भावनेवर सगळा भर आणि तीही उसनी. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" यातच दोन मिनिटांतली दहा-पंधरा सेकंद जातात. "नमस्कार" पुरे. पहिलं वाक्य मोजणीचं ठेवा: "काल मधल्या सुट्टीची घंटा वाजली तेव्हा नळापाशी अमुक इतकी मुलं उभी होती." विश्वासार्हता इथेच येते, कारण बोलणारा स्वतः तिथे उभा राहून मोजून आला आहे. भावनाही येते: रांगेतली पाचवीतली चिमुरडी रिकामी बाटली घेऊन वर्गात परतते, एवढं एक चित्र पुरतं. आवाज चढवायची गरज नाही.

भाषेच्या ठेक्यासाठी महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मधली "विद्येविना मती गेली" ही साखळी मोठ्याने वाचून घ्या. मती, नीती, गती, वित्त: प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा शेवट पकडून पुढे जाते, त्यामुळे ती कानात राहते आणि कार्यकारणही कळतं. मग मुलांना विचारा, यातला कुठला दुवा सगळ्यात पक्का आणि का? त्याच घाटाची तीन वाक्यं नळाच्या विषयावर लिहायला द्या.

खडूफळा
४२ जणांना बोलायला वेळ कसा द्यायचा? आणि तपासायचं काय?

नळावरची_रांग
चारचे आठ आणि पाचचे दोन गट करा. दहा गट, गटातून एक जण दोन मिनिटं: २० मिनिटं. उरलेल्या १५ मिनिटांत ऐकणाऱ्या गटांनी प्रत्येकी एकच प्रश्न विचारायचा, तोही "जिथे जिथे..." या वाक्यावर. बाकीच्यांना बोलायची संधी गटातच, आदल्या दिवशी, उभं राहून. लेखन चौथ्या तासिकेला, भाषणं पाचव्या, आणि सहावी फक्त पुन्हा लिहिण्यासाठी. ती गाळू नका, सुधारणा तिथेच होते.

दहा गुणांचं पान: मुद्दा एका वाक्यात १, कारण १, नियमाचं वाक्य ३, मोजलेला पुरावा २, पूर्वपक्ष आणि त्याला उत्तर ३. अक्षर आणि अलंकारांना वेगळे गुण नकोत, नाहीतर मुलं पुन्हा सुविचारांकडे वळतील.

खडूफळा
मुलं विचारताहेत, हे पान खरंच मुख्याध्यापकांना द्यायचं का?

धूरविस्तव
द्या. दहा पानं नको, वर्गाने निवडलेलं एक द्या, सोबत तीन दिवसांच्या मोजणीचा कागद मुलांच्याच अक्षरात जोडा. आणि सरांना आधी भेटून विनंती करा की उत्तर "नाही" असलं तरी कारणासहित लेखी द्यावं. ते उत्तर फळ्यावर लिहून त्याचीही पाच वाक्यं मुलांकडून करून घ्या.