पॉइंटर असलेला ट्री फाइलमध्ये साठवून पुन्हा वाचणे

प्रश्न

सी भाषेतील एका प्रोग्रॅममध्ये शब्दांची सूची ट्रीच्या स्वरूपात, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडांच्या (घटकांच्या) फांद्यांसारख्या रचनेत ठेवली आहे. प्रत्येक नोडमध्ये डाव्या आणि उजव्या अपत्याचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते), पालकाकडे परत नेणारा पॉइंटर आणि तुलना करणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर आहे. स्ट्रक्ट (नोडमधली सगळी माहिती एकत्र ठेवणारी रचना) जसेच्या तसे एफराइट या फंक्शनने फाइलमध्ये लिहिले, तर पुढच्या वेळी त्यातले पॉइंटर निरुपयोगी ठरतात, हे समजते. परंतु ती फाइल एमएमॅपने (फाइल थेट मेमरीत जोडण्याची सोय) दर वेळी त्याच पत्त्यावर आणली, तर काहीच बदलावे लागणार नाही. हा मार्ग भरवशाचा आहे का? नसल्यास, पालकाच्या पॉइंटरमुळे तयार होणारी चक्रे (पालकाकडून अपत्याकडे आणि तिथून पुन्हा पालकाकडे) कशी हाताळावीत?

उत्तर १

भरवशाचा नाही. पॉइंटरमधल्या आकड्याला त्या प्रोसेसच्या आभासी पत्त्यांच्या मांडणीतच अर्थ असतो आणि एएसएलआर (सुरक्षेसाठी पत्ते यादृच्छिक ठेवण्याची पद्धत) ती मांडणी मुद्दाम बदलत राहते. प्रिंटएफने छापलेला पॉइंटर स्कॅनएफने वाचल्यास मूळ पॉइंटरशी जुळेल, ही सी मानकाची हमीसुद्धा प्रोग्रॅम एकदा सुरू होऊन संपेपर्यंतच लागू असते. लिनक्सवर ‘मॅप फिक्स्ड’ वापरून पत्ता लादता येतो खरा, पण त्या जागी आधीपासून एखादी लायब्ररी असेल, तर कर्नल काहीही न कळवता ते जुने मॅपिंग काढून टाकतो. कर्नल ४.१७ पासून ‘मॅप फिक्स्ड नोरिप्लेस’ उपलब्ध आहे. त्याने नासधूस टळते, पण जागा रिकामी नसेल तर फाइल मेमरीत येतच नाही. म्हणजे पत्ते दुरुस्त करणारा कोड शेवटी लिहावाच लागतो, मग मुळात पत्ता साठवून मिळवले काय?

फंक्शनच्या पॉइंटरऐवजी एक लहान क्रमांक लिहावा आणि वाचताना तक्त्यातून फंक्शन निवडावे. चक्रांची भीती मात्र अनाठायी आहे. पहिल्या फेरीत प्रत्येक नोडला क्रमांक देऊन पत्ता आणि क्रमांक यांची जोडी हॅश टेबलमध्ये (पत्ता दिला की क्रमांक चटकन देणारा तक्ता) ठेवावी, दुसऱ्या फेरीत पत्त्यांच्या जागी क्रमांक लिहावेत. आपल्या बाबतीत तर पालक लिहिण्याचीही गरज नाही. अपत्ये जोडताना तो आपोआप कळतो.

उत्तर २

वरील उत्तराला एक जोड. फाइल न उलगडता थेट मेमरीत वापरायची असेल, तर क्रमांकांऐवजी ऑफसेट (एखाद्या ठिकाणापासूनचे बाइटमधले अंतर) ठेवतात आणि तो कुठून मोजायचा यावर बरेच काही अवलंबून असते. फाइलच्या आरंभापासून मोजलेला ऑफसेट रिअलॉकने (मेमरीचा आकार बदलणारे फंक्शन) संपूर्ण बफर हलला तरी टिकतो, पण प्रत्येक वेळी आरंभाचा पत्ता हाताशी लागतो. पॉइंटरच्या स्वतःच्या जागेपासून मोजलेल्या ऑफसेटला तो लागत नाही. मात्र एकच नोड मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवणारे फंक्शन) दुसरीकडे नेला की त्यातले सगळे दुवे चुकतात. शिवाय या दुसऱ्या पद्धतीत शून्य म्हणजे ‘मी स्वतः’, त्यामुळे नलसाठी (कुठेही न नेणारा पॉइंटर) वेगळा आकडा राखावा लागतो. बूस्ट या सी++ लायब्ररीच्या ऑफसेट पॉइंटरमध्ये त्यासाठी १ हा आकडा वापरतात. माझा कल आरंभापासून मोजण्याकडे आहे, कारण हेक्स डंपमध्ये (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणारी यादी) चूक शोधणे त्यात फार सोपे जाते.

प्रश्नकर्ता

सर्व नोड एका सलग अॅरेमध्ये ठेवून ३२ बिटांचे क्रमांक वापरेन. फाइल माझाच प्रोग्रॅम लिहीत असताना वाचताना तपासणी आवश्यक आहे का?

उत्तर ३

आवश्यक आहे. लिहिताना वीज गेली तरी फाइल अर्धवट राहते, आणि एमएमॅप केलेल्या फाइलच्या शेवटापलीकडचे पान वाचताच सिगबस (मेमरीतील चुकीचा सिग्नल) येऊन प्रोग्रॅम बंद पडतो. त्यामुळे शीर्षभागात ओळखचिन्ह, आवृत्ती, बाइटक्रम (एका आकड्यातले बाइट कोणत्या क्रमाने लिहिले ते) आणि नोडांची संख्या लिहावी, व ती संख्या फाइलच्या प्रत्यक्ष आकाराशी ताडून पाहावी. ऑफसेट वापरत असाल, तर ‘ऑफसेट अधिक नोडचा आकार’ ही बेरीज करून एकूण आकाराशी तुलना करू नका, कारण बेरीज ओव्हरफ्लो होऊन (आकड्याच्या कमाल मर्यादेपलीकडे जाऊन) लहान दिसू शकते. आधी एकूण आकार नोडच्या आकाराहून कमी नाही ना हे पाहून मग वजाबाकी करावी.

नोड प्रीऑर्डर क्रमाने (आधी पालक, मग त्याची अपत्ये) लिहिले, तर अपत्याचा क्रमांक पालकाहून नेहमी मोठा असतो. वाचताना तेवढी एक अट तपासली की बिघडलेल्या फाइलमुळे अनंत फेऱ्यांत अडकण्याचा प्रश्न उरत नाही. तरीही एकच नोड दोन पालकांकडे दिसू शकतो, म्हणून पालक जोडताना तो आधीच भरलेला नाही ना, हे पाहावे. आणि लिहिण्यापूर्वी स्ट्रक्टमधले पॅडिंग (घटकांमध्ये कंपायलरने सोडलेले रिकामे बाइट) शून्य करावे, अन्यथा मेमरीतला जुना मजकूर फाइलमध्ये उतरतो.